शेतराखणीची बंदूक : स्वस्त घ्यावी की भरवशाची?

भुईमुगाच्या शेंगा भरल्या, मक्याला कणसे धरली, भाताची लोंबी वाकली, की शेतकऱ्याच्या घरातला एक माणूस रात्री घरी झोपत नाही. बांधावरच्या माळ्यावर घोंगडी, विजेरी आणि पत्र्याचा डबा घेऊन जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एकदा शेतात शिरला, की खातो थोडे आणि उकरून, लोळून नासतो फार. चार महिन्यांच्या कष्टांची माती एका रात्रीत होते. अशा वेळी घरात विषय निघतो, ‘एखादी बंदूक घ्यावी काय?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, ‘अमक्याची जुनी स्वस्तात मिळते आहे म्हणतात.’

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो, चार जाणत्यांना विचारतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र पुष्कळदा फक्त किंमत ऐकून होकार दिला जातो. वास्तविक बैल खोटा निघाला तर पैसे जातात; बंदूक खोटी निघाली तर हात किंवा डोळा जातो. म्हणून कमी पैशांत बंदूक घ्यायची झाल्यास पैसा कुठे वाचवावा आणि कुठे वाचवू नये, याचा विचार येथे करू.

आधी कायदा समजून घ्या

शस्त्र कायदा १९५९ सालचा आहे. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, आणि पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत आयुक्तांकडून मिळतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. पोलिसांकडून चौकशी होते. २०१६ साली नवे शस्त्र नियम आले. त्यांनुसार शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला द्यावा लागतो आणि बंदूक घरात सुरक्षित ठेवण्याची हमी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी करावा. परवाना हाती येईपर्यंत कुणालाही विसार देऊ नका.

या कायद्यात शेतकऱ्याचा वेगळा विचार केलेला आहे. पिकाच्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्यात आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचाही परवाना देता येतो. मात्र तिची नळी २० इंचांपेक्षा आखूड नसावी.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि रानडुक्कर त्याच्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी करणारे जनावर मारायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. मारलेले जनावर सरकारजमा होते. अंगावर आलेल्या जनावरापासून जीव वाचवताना सद्हेतूने ते मारले गेले, तर तो गुन्हा होत नाही. पण ते सिद्ध करण्याची वेळ येऊ शकते. म्हणजे शेतराखणीच्या बंदुकीचे रोजचे काम आवाज करून कळप हुसकावण्याचे आहे. हे ध्यानात ठेवले, की महागड्या रायफलीचा मोह आपोआप कमी होतो.

तीन प्रकार, तीन खर्च

पहिली ठासणीची बंदूक. कोकणात ही अजून कितीतरी घरांत आहे. नळीच्या तोंडातून दारू घालायची, वर बोळा आणि छर्रे ठासायचे, मागे केप बसवायची आणि चाप ओढायचा. यंत्र साधे, किंमत कमी, दुरुस्ती सोपी. दोष असा, की एक बार उडाला की दुसरा भरायला वेळ लागतो, आणि पावसाळी हवेत दारू किंवा केप दमट झाली तर बार फुसका जातो. पिकाची राखण नेमकी त्याच दिवसांत असते. नुसत्या आवाजाने कळप पळवायचा असेल आणि दारू कोरडी ठेवण्याची शिस्त घरात असेल, तर ही बंदूक गरिबाला परवडणारी आहे. कळप तेवढ्याने हटत नसेल, तर पुढचा विचार करावा.

दुसरी काडतुसाची बंदूक, आपल्याकडे बहुधा १२ बोअरची. नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात, म्हणून हे नाव. एकनळीत भाग कमी, म्हणून बिघाड कमी आणि किंमतही कमी. दुनळीत दुसरा बार लगेच हाताशी असतो, पण दोन चाप, दोन घोडे, दोन पिना असा सगळा पसारा दुप्पट होतो. त्याच पैशांत जुनाट दुनळी आणि धडधाकट एकनळी समोर असेल, तर शेतकऱ्याने एकनळी घ्यावी. छऱ्यांचा खरा जोर पस्तीस-चाळीस यार्डांपर्यंत असतो, आणि रात्री विजेरीच्या उजेडात त्यापलीकडे नीट दिसतही नाही.

तिसरी रायफल. हिच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात; त्यामुळे गोळी फिरत, सरळ आणि लांब जाते. आपल्या देशात परवानाधारकांना माहीत असलेली स्वस्तातली रायफल म्हणजे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याची ·३१५ बोअरची. तिची घडण लष्करातील जुन्या ली-एनफिल्ड रायफलीवरून घेतलेली आहे; एक गोळी उडाल्यावर हाताने खिटी मागेपुढे करून दुसरी भरावी लागते. यंत्र दणकट म्हणून तिची ख्याती आहे. परंतु तिची गोळी चुकली तर दीड-दोन किलोमीटरवरही जीव घेऊ शकते. आपल्या शेतापलीकडे दुसऱ्याचे शेत आहे, तिथेही कुणी जागलीला बसलेला आहे. सपाट मुलखात, वस्तीजवळ, रात्रीच्या वेळी रायफल हे राखणीचे हत्यार नव्हे. शेतराखणीच्या अर्जावर तिचा परवाना सहज मिळेल असेही धरून चालू नये.

नवी, जुनी आणि विलायती

नवी बंदूक घ्यायची तर सरकारी कारखान्यांची मिळते. हे कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून सात सरकारी कंपन्यांत विभागले गेले. बंदुकांचे कारखाने कानपूरच्या कंपनीकडे आले. शिवाय बिहारातील मुंगेर आणि जम्मू येथे परवानाधारक खाजगी कारागीर बंदुका बनवतात. त्यांत चांगले काम करणारे आहेत तसे कामचलाऊही आहेत. म्हणून गावाच्या नावावर जाऊ नये, हातातली बंदूक पाहावी.

विलायती नावाची भुरळ मोठी. १९८० च्या दशकात खाजगी बंदुकांच्या आयातीवर निर्बंध आल्यामुळे आज विक्रीला निघणाऱ्या विलायती बंदुका बहुतेक जुन्याच असतात. नाव मोठे म्हणून किंमत मोठी, पण आतले लोखंड पन्नास-साठ वर्षे वापरलेले. काही फार जुन्या बंदुकांच्या नळ्या लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून केलेल्या असतात. नळीवर वेलबुट्टीसारखी नागमोडी नक्षी दिसते. त्या काळ्या दारूच्या काळातल्या आहेत. आजची धूरविरहित दारूची काडतुसे त्यांत घालणे म्हणजे तोंडाजवळ सुरुंग लावणे. अशी बंदूक भिंतीची शोभा. राखणीसाठी फुकट मिळाली तरी नको.

आणि ज्या बंदुकीवर कारखान्याचे नाव व नंबर नाही, तिच्याकडे वळून पाहू नये. अशी बंदूक विकणे हाच गुन्हा आहे. गावठी कट्टा किंवा चोरून घडवलेली बंदूक सगळ्यांत स्वस्त वाटते, पण विनापरवाना बंदूक बाळगल्यास दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. एक हंगाम वाचवण्यासाठी कर्ता माणूस तुरुंगात, असा हा सौदा.

जुनी बंदूक पारखावी कशी?

पारखायला दिवसाच्या उजेडात बसा. सगळ्यांत आधी बंदूक उघडून ती रिकामी असल्याची स्वतः खात्री करा. मग क्रमाने पाहा.

नळी : बंदुकीपासून नळी सुटी करून आकाशाकडे धरा व आरपार पाहा. आतून आरशासारखी लकाकली पाहिजे. काळे डाग पुसून जातात; पण गंजाने पडलेले खड्डे जात नाहीत. तिरप्या नजरेने पाहताना आत काळे कडे दिसले, तर तिथे नळी फुगलेली आहे असे समजा. बाहेरून दोन बोटांत नळी धरून सावकाश फिरवीत न्या. फुगवटा बोटांना कळतो. फुगलेली नळी दुरुस्त होत नाही. पोचा मात्र जाणता कारागीर काढू शकतो.

नळ्यांचा आवाज : दुनळीच्या सुट्या नळ्या दोरीने टांगून लाकडाने हलकेच ठोका. घंटेसारखा स्वच्छ नाद आला पाहिजे. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर दोन नळ्यांमधला डाख सुटलेला आहे.

सांधा : पुढचे लाकूड काढा, नळी बसवून बंदूक मिटा आणि दस्ता धरून हलवा. खुळखुळ होता कामा नये. मिटलेल्या सांध्यातून उजेड दिसला, तर बार उडताना तिथून आग मागे येऊ शकते, आणि मागे आपला चेहरा असतो.

घोडा आणि चाप : घोडा चढवून, चापाला बोट न लावता, दस्त्याचा तळ जाड गोधडीवर आपटा. घोडा आपोआप पडला तर बंदूक नापास. चाप अगदी हलकाही नसावा. दीड-दोन किलो ओढ असावी. कुंपण ओलांडताना धक्क्याने उडणारी बंदूक शेजाऱ्याचा किंवा पोराचा जीव घेते.

दस्ता : मुठीत धरतो त्या बारीक जागी चीर आहे का पाहा. खिळा, तार किंवा रंगाचा जाड थर दिसला, तर खाली काहीतरी लपवलेले आहे.

शिक्के : नळीवर व चौकटीवर एकच नंबर हवा. चाचणीचा शिक्का हवा. नेहमीपेक्षा जबर बार भरून कारखान्यात नळीची परीक्षा घेतात आणि मग हा शिक्का मारतात. काडतुसाच्या लांबीचे मापही कोरलेले असते. अडीच इंची घरात पावणेतीन इंची काडतूस सहज बसते, आणि तिथेच फसगत होते. उडाल्यावर त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि नळीतला दाब वाढतो.

एवढे पाहून झाल्यावरही जिल्ह्याच्या गावी परवानाधारक कारागिराला बंदूक दाखवून मगच पैसे मोजावेत. विकणारा ‘दाखवायची काय गरज?’ म्हणाला, तर सौदा तिथेच सोडावा.

खाजगी माणसाकडून घेताना आणखी एक नियम आहे. विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. हे दिवस बंदूक पारखायला वापरा. घरातच आजोबांची किंवा वडिलांची बंदूक असेल, तर परवानाधारक ७० वर्षांचे झाल्यावर किंवा त्यांनी बंदूक २५ वर्षे बाळगल्यावर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. बंदूक धडकी असेल, तर याहून स्वस्त सौदा नाही. परवानाधारक वारले असतील, तर बंदूक घरात न ठेवता आधी पोलिस ठाण्यात जमा करावी.

हिशेब मांडून पाहू

आता पैशांचे बघू. पुढचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत; बाजारभाव आपापल्या ठिकाणी काढावा.

समजा, नवी एकनळी ३५ हजारांना आणि जुनी १५ हजारांना मिळते. जुनीच्या पिना आणि कमान बदलायला अडीच हजार, दस्त्याला दोन हजार, पोचा काढायला दीड हजार, आणि जिल्ह्याच्या गावी फेऱ्यांचे दीड हजार. म्हणजे जुनी साडेबावीस हजारांना पडली. दहा वर्षांनी जुनीचे आठ हजार आले, तर साडेचौदा हजार खर्च झाले, वर्षाला १,४५०. नवीचे दहा वर्षांनी बावीस हजार आले, तर खर्च तेरा हजार, वर्षाला १,३००. पण नवीत साडेबारा हजार जास्त गुंतले. सात टक्क्यांनी त्यांचे व्याज वर्षाला ८७५ होते. ते धरून नवी २,१७५ ला पडते. म्हणजे नवीच्या भरवशाची किंमत वर्षाला सव्वासातशे रुपये झाली.

आता तिसरी बाजू पाहा. तीच जुनी बंदूक धडकी निघाली, दुरुस्ती लागली नाही आणि दहा वर्षांनी दहा हजारांना गेली, तर वर्षाचा खर्च फक्त पाचशे. आणि जुनीची नळीच फुगलेली निघाली, तर पंधरा हजार पहिल्याच दिवशी बुडाले.

या हिशेबातून निघते ते असे : भांडण नवी आणि जुनी यांच्यात नाही, धडकी आणि खोटी यांच्यात आहे. पारख करणारा जाणता माणूस सोबत असेल तर जुनी घ्यावी. नसेल तर सव्वासातशे रुपये जास्त देऊन नवी घ्यावी. नक्षी, चांदीची फुले, विलायती नाव आणि दुसरी नळी यांवर पैसा वाचवावा. नळी, सांधा, चाप आणि काडतुसे यांवर कधीही वाचवू नये.

काडतुसे आणि निगा

चांगली बंदूक जुन्या दमट काडतुसांनी बदनाम होते. पुठ्ठ्याची काडतुसे पावसाळ्यात फुगतात आणि नळीत शिरत नाहीत. शिरली तर निघत नाहीत. पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसे परवानाधारकांच्या ओळखीची आहेत. कोणतीही घ्या, पण पावती घ्या, थोडी घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवा आणि आधी जुनी वापरा. घरी काडतुसे भरण्याच्या भानगडीत पडू नका. ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूखेरीज दुसरी दारू कदापि घालू नका.

चाप ओढूनही बार उडाला नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. तोंड मोकळ्या रानाकडे ठेवून मिनिटभर थांबा. कधीकधी बार उशिरा उडतो. ठासणीच्या बंदुकीत भरलेल्यावर दुसरा बार ठासल्याने नळ्या फुटतात. म्हणून रिकाम्या नळीत गज कुठवर जातो त्याची खूण गजावर करून ठेवा. गज वर राहिला तर आत बार आहे.

काळ्या दारूची राख हवेतले पाणी ओढते आणि एका रात्रीत गंज चढवते. त्या बंदुकीची नळी कढत पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मग तेलाचा हात द्यावा. काडतुसाच्या बंदुकीला गज, चिंधी आणि पातळ तेल पुरते. निवडणुकीच्या दिवसांत बंदूक पोलिस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर नळीला आतबाहेर तेल लावून, नंबर लिहिलेली पावती घेऊन मगच द्यावी. महिना-दोन महिने कोरडी पडलेली बंदूक गंजून परत येते.

घरातल्या सगळ्यांची संमती हवी

हा निर्णय एकट्या कर्त्याचा नव्हे. बंदूक घरात येणार म्हणजे ती मुलाबाळांच्या घरात येणार. घरच्या बाईला किल्लीची जागा ठाऊक असावी, आणि तिने ‘नको’ म्हटले तर त्यामागचे कारण ऐकून घ्यावे. घरात कुणी दारू पिणारे असेल, रागाच्या भरात हात उचलणारे असेल, किंवा कुणाचे मन खचलेले असेल, तर कितीही नुकसान होवो, बंदूक घरात आणू नये. आणली तर रिकामी करून कुलुपात ठेवावी. काडतुसे वेगळ्या कुलुपात. दोन्ही किल्ल्या एका जुडग्यात नसाव्यात. शेजारी कितीही जवळचा असला, तरी परवान्यात नाव नसलेल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ नये.

शेवटी एवढेच. बंदूक घेण्याआधी तेवढ्याच पैशांत आणखी काय होते तेही पाहा. वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात सौर कुंपणाच्या अनुदानाची चौकशी करा आणि पीकनुकसानीचा पंचनामा वेळेवर करून घ्या. घरच्या विजेची तार कुंपणाला जोडण्याचा अघोरी उपाय मात्र करू नका. त्यात माणसेही मरतात. चार शेजाऱ्यांनी पाळीपाळीने जागल केली, तर कैक शेते बंदुकीवाचून राखली जातात. एवढे करूनही बंदूक लागणारच असेल, तर पंधरवडा उशीर लागला तरी चालेल. पण नळी आकाशाकडे धरून स्वतःच्या डोळ्यांनी आरपार पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.